दिवे वगैरे

माझ्या दोन्ही नणंदा गुणी आहेत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. थोरल्या वन्सं रंगमंचावर उभ्या राहतात आणि धाकट्या वन्सं त्या लोकांना दिसतील याची व्यवस्था करतात. पंचवीस वर्षं असंच चाललं आहे. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना एकही वावगा शब्द वापरलेला नाही. चांगलेच शब्द त्या अशा ठिकाणी वापरतात, की समोरचीला दोन दिवस घास उतरत नाही.

नाटक कंपनी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर ती माझ्या यजमानांकडे आली. हे नाटकं बसवतात, तालमी घेतात, आणि बहिणींमध्ये काही सुरू झालं की प्रेक्षागृहातल्या खुर्च्या मोजायला जातात. खुर्च्या चारशे आहेत. ह्यांनी त्या इतक्यांदा मोजल्यात, की कुठल्या खुर्चीचा हात हलतो ते ह्यांना झोपेतसुद्धा सांगता येईल. माझ्याकडे कपडेपट. शिवाय प्रयोगाच्या वेळी संहिता घेऊन मी डाव्या विंगेत स्टुलावर बसते आणि कुणी अडलं तर पुढचा शब्द हळूच पुरवते. माझा आवाज मुळातच लहान. मामंजी म्हणायचे, सूनबाईंना देवाने विंगेसाठीच घडवलंय. हे कौतुक होतं असं मी धरून चालते.

मामंजींनी दोन्ही मुलींना लहानपणी एकाच दिवशी रंगमंचावर उभं केलं होतं, डोळ्यांवर रुमाल बांधून. वर एक दिवा लावलेला, आणि तो शोधून काढायचा. डोळ्यांनी काय कुणीही शोधेल, ते म्हणाले, गाल जिथे तापेल तिथे थांबायचं, ती आपली जागा. थोरल्या थेट जाऊन दिव्याखाली उभ्या राहिल्या. धाकट्या मागाहून पोचल्या, रुमाल वर केला, मान उंचावून दिव्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हा जरा वाकडा लागलाय का?" त्या प्रश्नाने त्यांचा जन्म ठरला. थोरली नटी झाली, धाकटीच्या हातात पाना आला. धाकट्या वन्सं मात्र ही हकिगत वेगळी सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ऊब त्यांच्याही गालाला लागली होती, फक्त ताई त्या जागेवर आधीच उभी होती.

चाळिशी उलटली तशी थोरल्यांची नजर अधू होत गेली. रंगमंचावर चष्मा लावायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. जमिनीवर खुणेला चिकटवलेली पांढरी पट्टी त्यांना दिसत नाही, मंचाची कड दिसत नाही, आणि समोरचा नट दोन हातांपलीकडे गेला की त्याचा नुसता बोलणारा डाग होतो. हे आम्हा तिघींनाच ठाऊक. ह्यांना नाही. हे नव्या नटांना सांगतात, "आमची थोरली आता बाहेर बघतच नाही, आत बघते." मला तेव्हा सुईत दोरा ओवायचं काम निघतं.

थोरल्यांना आधार एकच, मंचावर दिवे टांगायच्या पुढच्या आडव्या बारवरचा जाड काचेचा जुना दिवा. नवे दिवे गार असतात, त्यांचा नुसता उजेड पडतो. ह्याची ऊब खाली गालापर्यंत येते. तो दिवा काढू द्यायच्या नाहीत त्या. विचारलं तर म्हणायच्या, बाबांची आठवण आहे. मग पुढे कोण बोलणार?

गेल्या वर्षीचं नाटक एका म्हाताऱ्या सुईणीचं होतं. तिने तरुणपणी दोन बाळांची अदलाबदल केलेली असते, आणि दुसऱ्या अंकात ती न्यायालयात एकटी उभी राहून ते कबूल करते. बावीस मिनिटांची साक्ष. बाकी सगळा अंधार, मंचाच्या ऐन मध्यावर थोरल्या, आणि वरून तो जुना दिवा. थोरल्या ही साक्ष डोळे मिटून द्यायच्या. डोळे मिटले की कुठे बघताय हा प्रश्नच येत नाही.

पहिल्या प्रयोगाच्या आधी एका वर्तमानपत्राच्या बाई मुलाखत घ्यायला आल्या. घरातले सगळेच नाटकात का, असं त्यांनी विचारलं. थोरल्या म्हणाल्या, हो तर, भाऊ दिग्दर्शक आहे, वहिनी कपडेपट सांभाळते, आणि धाकटी दिवे वगैरे बघते. जसं बोलल्या तसं छापून आलं.

धाकट्यांनी ते चहा पिता पिता वाचलं. कप बशीत ठेवला. बशी पुढे सरकवली.

"वहिनी, दिवे मी बघते," त्या म्हणाल्या. "वगैरे कोण बघतं गं?"

मी म्हटलं, घाईत बोलल्या असतील. हे खुर्च्या मोजायला गेले.

धाकट्यांनी त्या दिवशी माझ्याकडे एकच मागणं केलं. त्यांना नाव नको होतं, फोटो नको होता. पंचवीस वर्षं शिडीवर काढली, तेवढा एक शब्द ताईने चार माणसांत परत घ्यावा, बस्स. मी निरोप पोचवला. थोरल्या आरशासमोर होत्या. त्या म्हणाल्या, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीय ती, दिव्यांचं नाव तर घेतलं ना मी? मी हा निरोपही पोचवला, थोडा मऊ करून. मऊ केल्याने तो जास्त लागला असं नंतर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या प्रयोगापासून दिवा सरकू लागला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी धाकट्या शिडी लावून वर चढतात आणि एकेका दिव्याचं तोंड तपासतात. मी खाली बसून सुईणीच्या शालीला टाके घालत होते. वर पाना फिरला, जुन्या दिव्याने केसभर मान वळवली, आणि खाली उजेडाचं वर्तुळ चार बोटं सरकलं. डावीकडे, आणि किंचित पुढे.

"वन्सं, दिवा हलला वाटतं," मी म्हटलं.

"हलतो कधीकधी," धाकट्या म्हणाल्या. पाना त्यांच्या हातातच होता.

संध्याकाळी थोरल्या डोळे मिटून आल्या, गाल तापला तिथे थांबल्या आणि साक्ष देऊन गेल्या. मध्यापासून चार बोटं लांब. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या प्रयोगाला आणखी चार बोटं. कापड मोजायची टेप माझ्या गळ्यात असतेच. चौथ्या प्रयोगाला मी कुणी नसताना मोजून पाहिलं, एक वीत भरली. दहाव्यापर्यंत असंच चाललं. मग धाकट्यांची भीड चेपली आणि दिवा दर खेपेला वीत वीत सरकू लागला.

नवल वाटेल, पण कुणी काही विचारलं नाही. न्यायाधीशाचं काम करणारे गृहस्थ दर प्रयोगाला आपली खुर्ची थोडी थोडी वळवत गेले. नाटकात टिकून राहायचं तर हा गुण लागतो. ह्यांना वाटलं थोरली काहीतरी नवीन करून बघतेय. तिला विचारायचं धाडस ह्यांना नव्हतं, म्हणून मलाच म्हणाले, "काम कसं प्रवाही झालंय ना?" मी म्हटलं, वाहतंय खरं.

तुम्ही म्हणाल, तुला तोंड नव्हतं का? माझा आपला साधा नेम आहे. कुणाची कागाळी करायची नाही, आणि कुणी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. सकाळी देवासमोर हे म्हणायला फार सोपं जातं. आणि मला थेट कुणी विचारत नव्हतं. मी गप्प आहे म्हणून घरात शांतता आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. शांतता नव्हती, नुसता आवाज नव्हता.

थोरल्या माझ्या विंगेच्या जवळ जवळ येत गेल्या. पंचविसाव्या प्रयोगाला मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. एकतिसाव्याला टेपेने बारा हात दाखवले. मी मग पुढची कड मोजली. ती त्यांच्या पावलांपासून दीड हातावर होती, आणि कडेखाली प्रेक्षागृहाची फरशी, माणसाच्या छातीइतकी खोल. पुढच्या प्रयोगाच्या दुपारी मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"वन्सं, पुढे कड आहे."

वर पाना थांबला. मग धाकट्या म्हणाल्या, "कड कुठे आहे ते मला माहीत आहे, वहिनी." आणि त्या दिवसापासून दिवा सरकला नाही. पण मागेही आला नाही.

धाकट्यांचा हिशेब सरळ होता. उजवीकडच्या लोकांना माना वाकड्या कराव्या लागतील, डाव्या टोकाला बसलेल्यांना नुसती पाठ दिसेल, आणि लोक म्हणतील, थोरली आता थकली, तिला मंच पेलत नाही. तिला मध्यावर ठेवणारं कुणीतरी होतं हे मग कळेल. तसं व्हायला हरकत नव्हती. पण पस्तिसाव्या प्रयोगाला एक समीक्षक आले.

त्यांचं परीक्षण मीच मोठ्याने वाचून दाखवलं, कारण थोरल्यांचा चष्मा अशा वेळी नेमका सापडत नाही. समीक्षकांनी लिहिलं होतं, की ही थोर अभिनेत्री मंचाचा मध्य नाकारते. खरं बोलायची वेळ आल्यावर माणूस मध्यावर उभा राहत नाही, दाराकडे सरकतो, हे तिने ओळखलं आहे. कोपऱ्यात, कडेच्या तोंडाशी उभी राहून तिने दिलेली साक्ष अंगावर काटा आणते. शेवटी एक वाक्य होतं: "आणि प्रकाश बिचारा तिच्यामागे धावत राहतो."

थोरल्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बरोबर ओळखलं त्यांनी," त्या म्हणाल्या.

धाकट्या खिडकीशी उभ्या होत्या. "धावतो?" त्या म्हणाल्या. "माझा दिवा धावतो?" थोड्या वेळाने, आणखी हळू, "बिचारा?"

हे उठलेच होते. मी म्हटलं, आज खुर्च्या कालच्याइतक्याच असतील, बसा.

परीक्षण आल्यावर गर्दी वाढली. लोक मुद्दाम डावीकडच्या खुर्च्या मागायला लागले. आणि मग पत्र आलं, की वर्षाच्या पुरस्कारासाठी तीन परीक्षक बेचाळिसावा प्रयोग बघायला येणार आहेत, रविवारी दुपारी चारला.

या पुरस्काराबद्दल सांगायला हवं. मामंजींना तो कधी मिळाला नाही. कंपनीच्या खोलीत भिंतीवर एक फळी आहे, ती त्यांनी त्याच्यासाठीच ठोकून घेतली होती. तीस वर्षं त्या फळीवर काही ठेवू दिलं नाही, चहाचा कपसुद्धा. ते गेल्यावर थोरल्या रोज सकाळी ती रिकामी फळी पुसतात. त्यांना तो पुरस्कार किती हवा होता ते मला त्या फडक्यावरून कळायचं.

रविवारी बाराच्या सुमाराला मी इस्त्री केलेली शाल घेऊन मंचावर आले, तर धाकट्या शिडीवर होत्या. उजेडाचं वर्तुळ जमिनीवरून सरसर सरकत होतं. कोपऱ्यातून निघालं ते ऐन मध्यावर येऊन थांबलं. धाकट्यांनी पाना घट्ट पिळला.

"जागच्या जागी ठेवला," त्या वरूनच म्हणाल्या. "बाबांनी लावला होता तिथे. बघू दे परीक्षकांना, ताई मध्यावर उभी राहिली की कशी दिसते."

"आज, वन्सं?"

"आजच. मी दिवे तेवढे बघते. वगैरे आज दुसरं कुणीतरी बघेल."

त्या शिडी उचलून निघून गेल्या. मी त्या वर्तुळाच्या काठाशी शाल घेऊन उभी राहिले. मनात आलं, ह्यांना सांगावं. पण सांगितलं तर कागाळी, आणि ह्यांना सांगून उपयोग काय तर चारशे.

तीन वाजता रंगभूषेच्या खोलीत मी थोरल्यांच्या खांद्यावर शाल टाचत होते. आरशात बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, दिवा आज कुठे लावलाय?"

टाचणी माझ्या बोटात गेली. पण प्रश्न थेट होता.

"मध्यावर," मी म्हटलं.

त्या हसल्या. "वाटलंच मला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चौथ्या प्रयोगापासून. अगं, डोळे अधू झालेत माझे, पाय नाही. मंचाच्या मध्यावरची एक फळी करकरते. बाबांनी ती कधी बदलू दिली नाही. चौथ्या प्रयोगाला ती पायाखाली करकरली नाही."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, आधी हट्टाने नाही बोलले, बघू कुठपर्यंत नेते म्हणून. पुढे मग तिकडे कोपऱ्यात उभं राहिल्यावर वेगळंच काही व्हायला लागलं. पहिल्यांदा त्या सुईणीची लाज वाटायला लागली, खरीखुरी, पोटातून. मध्यावर कधी वाटली नव्हती. मध्यावर नुसता आवाज छान लागायचा.

"हे धाकट्यांना सांगायचं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, हे माझं आहे."

"मग कुणाचं आहे?"

मी जन्मात नणंदेला असा प्रश्न विचारलेला नाही. आवाज लहान असल्याने तो उद्धट वाटला नसावा. थोरल्यांनी कंगवा मागितला. मी दिला. केस नीट होते, तरी त्या विंचरत बसल्या.

"आज मी कोपऱ्यातच उभी राहणार," शेवटी त्या म्हणाल्या.

"अंधारात?"

"अंधारात. करकरणाऱ्या फळीपासून पावलं मोजून जाईन."

"वन्सं, कड दीड हातावर आहे."

त्यांनी वळून माझ्या गळ्यातल्या टेपेकडे पाहिलं, दिसली असेल तेवढी. "तू मोजलंस होय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मग पुढे गेले तर शब्द पुरव."

पण असा कुठला शब्द पुरवायचा? संहितेत तो नव्हता.

दुसरा अंक सुरू झाला. अंधार झाला, फळी करकरली, आणि मी मनात पावलं मोजत राहिले. थोरल्या माझ्यासमोर कोपऱ्यात येऊन थांबल्या. एरवी त्या दिवा लागल्यावर निघायच्या, आज आधीच निघाल्या होत्या. मग जुना दिवा लागला. तिकडे मध्यावर त्याचं वर्तुळ पडलं, रिकामं. त्यात धूळ तरंगत होती. आणि इकडे काळोखातून थोरल्यांचा आवाज आला, "मी सुईण. माझं वय मला माहीत नाही."

लोकांना वाटलं हे असंच आहे. कुणी खोकलंही नाही. न्यायाधीशांची तेवढी पंचाईत झाली. कुठे वळावं कळेना. शेवटी ते अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे असे बसले. मी प्रेक्षागृहाच्या मागच्या खिडकीकडे बघत होते, जिथून धाकट्या दिवे चालवतात. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिथे वर एक फिरता दिवा आहे, नाचगाण्यांच्या नाटकांच्या काळातला. तो एखाद्या हट्टी जनावरासारखा दोन्ही हातांनी धरून फिरवावा लागतो. वर्षानुवर्षं त्याच्यावर गोणपाट आहे. खिडकीत काहीतरी हललं, गोणपाट खाली पडलं, छतावर एक पांढरं वर्तुळ उमटलं, धडपडत भिंतीवरून उतरलं आणि येऊन थोरल्यांच्या चेहऱ्यावर थांबलं. थरथरत होतं.

मी थोरल्यांचा चेहरा तीन हातांवरून बघत होते. मिटलेल्या पापण्यांवर उजेड आला आणि कपाळावर एक आठी उमटली. डोळ्यांपुढे लाल झालं असणार, पण गाल गारच. एवढ्या लांबून ऊब येत नाही. म्हणजे हा बाबांचा दिवा नाही, हा हातात धरलेला आहे, आणि तो हात कुणाचा ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. आठी गेली. बोलता बोलता त्यांनी उजवीकडे एक पाऊल टाकलं. वर्तुळ दचकलं आणि मागे आलं. दुसरं टाकलं. तेही आलं.

मी ह्या घरात अठ्ठावीस वर्षं आहे. मला ह्या दोघींचे खेळ कळतात. लोक सुईणीची साक्ष ऐकत होते, मी पकडापकडी बघत होते. थोरल्या वाक्याच्या मध्येच थांबायच्या, उजेड पुढे जायचा आणि ओशाळून परत यायचा. त्या झटकन वळायच्या, उजेड वळायचा. मध्यावरच्या उबदार रिकाम्या वर्तुळाला त्यांनी लांबून वळसा घातला, आत पाय ठेवला नाही. ही बाई खऱ्यापासून पळतेय आणि खरं तिला सोडत नाही, असं दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लिहिलं. मला इतकंच दिसत होतं, की थोरली धाकटीला दमवतेय आणि धाकटी दमायला तयार नाही.

या नादात थोरल्यांचा पावलांचा हिशेब चुकला.

त्या शेवटाकडे आल्या होत्या आणि सरळ कडेकडे निघाल्या होत्या. दीड हात. एक. मी तोंड उघडलं. तोंडात शब्द नव्हता. अर्धा हात राहिला आणि वर्तुळ थांबलं. ते त्यांच्याबरोबर पुढे गेलंच नाही. कडेच्या अलीकडे फळ्यांवर गच्च बसून राहिलं. थोरल्यांचा चेहरा त्यातून बाहेर पडून काळोखात गेला. त्यांचं पाऊल उचललेलं होतं. पापण्यांवरचं लाल विझलं तसं ते हवेतच थांबलं, थोडं थरथरलं, आणि मागे आलं. उजेडाने त्यांना परत आत घेतलं.

साक्षीतलं पुढचं वाक्य होतं, "मला कुणी अडवलं नाही." थोरल्या अडल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी विंगेतून म्हटलं, "मला कुणी." त्यांनी मान हलवली, म्हणजे शब्द आठवत होता. तरी तो यायला वेळ लागला, आणि आला तो इतका हळू, की मागच्या रांगांतले लोक पुढे वाकले.

प्रयोग संपल्यावर धाकट्या खाली आल्या त्या दोन्ही तळहात समोर धरूनच. जुन्या फिरत्या दिव्याचा पत्रा तापतो, आणि हातमोजे शोधायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. मी कपडेपटाच्या पेटीतून मलम काढून लावत होते तेवढ्यात थोरल्या आल्या. दारातच थांबल्या. मलमाचा वास त्यांना आला असणार.

"हात हलत होता तुझा," त्या म्हणाल्या.

"तू एका जागी उभी राहत नव्हतीस, ताई," धाकट्या म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. थोरल्या जाताना मलमाच्या डबीचं झाकण लावून गेल्या. झाकण उलटं लागलं होतं, पण लावलं त्यांनी.

पुरस्कार थोरल्यांना मिळाला, अभिनयाचा. मानपत्रात लिहिलं होतं, की या अभिनेत्रीने प्रकाशाला आपल्या पावलांवर चालायला लावलं. प्रकाशयोजनेचं पारितोषिक एका दुसऱ्या कंपनीला गेलं. त्यांच्या नाटकात धूर होता.

समारंभात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. धाकट्या माझ्या शेजारी, हातांना पट्ट्या. थोरल्या भाषणाला उभ्या राहिल्या. मामंजींचं नाव घेतलं, फळीची गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, नाटक माझ्या भावाने बसवलं, कपडेपट वहिनीने सांभाळला. शेजारी धाकट्यांचा श्वास थांबला. थोरल्याही थांबल्या. सवयीने माझे ओठ हलले, पण पुरवणार काय?

"आणि दिवे माझी धाकटी बहीण बघते," थोरल्या म्हणाल्या.

पुढे काहीतरी येईल म्हणून सगळे थांबले. पुढे काही आलं नाही. त्या खाली बसल्या. वाक्य एवढंच कसं, असं वाटून लोकांनी जरा उशिरा टाळ्या वाजवल्या.

धाकट्या समोर बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला कोपराने हळूच ढोसलं.

"वहिनी, ऐकलंस? ‘वगैरे’ नाही म्हणाली."

"नाही म्हणाल्या," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. घरी जाऊन देवापुढे साखर ठेवायची आहे, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्या पुन्हा माझ्याकडे वाकल्या.

"पण ‘बघते’ म्हणाली. ‘करते’ म्हणायला काय झालं होतं तिला?"

मी वळून बघितलं, तर ह्यांची जागा रिकामी होती. नवं सभागृह होतं, खुर्च्या हजारांवर असतील.

मानचिन्ह आता त्या फळीवर आहे. थोरल्या सकाळी ते पुसतात आणि हाताने चाचपून फळीच्या ऐन मध्यावर ठेवतात. दुपारी धाकट्या येतात, त्याही पुसतात. संध्याकाळी मी खोलीत दिवा लावायला जाते, तेव्हा ते चार बोटं डावीकडे असतं. मी काही बोलत नाही. कुणी थेट विचारलं तर सांगेन.